खिंडीतलं गाणं

सोम. १ डिसें.
एकादशी. पेनड्राइव्ह गेला. काल जीप धुताना टेपमधून काढून खिशात ठेवला आणि शालनने शर्ट बादलीत टाकला. मी तोंड पाडून बसलो तर म्हणते, "शर्ट बुडवलाय, देव न्हाई बुडवला." बायकोचं बरोबरच आहे. पण देवाची तसबीर दुसरी मिळते. ही गाणी कुणाची, नावं काय, मला काहीच ठाऊक नाही. तळेगावहून जुनी जीप घेतली तेव्हा टेपला तो तसाच लावलेला होता. तेव्हापासून पवनानगर ते लोणावळा शिटा भरतो, त्या वडापमध्ये तीच गाणी. इंग्रजी. सगळी पोरं जीव तोडून गाणारी.
आज गाडी मुकी.

मंगळ. २
हौसामावशी मासळीची पाटी घेऊन चढली. बसायच्या आधीच, "आरं, तुजी रडकी पोरं कुटं गेली?" कांबळे सर लोणावळ्याला शाळेत इंग्रजी शिकवतात. म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय, एक वाक्य धड लागलेलं नाही. पण आज रस्ता लांब वाटला, भाऊ."
दुधिवरे खिंडीच्या चढाला हात आपोआप आवाज वाढवायला गेला. तिथं नेमकं ते लागायचं. आधी एकटी गिटार. मग एक पोरगा हळू काहीतरी विचारतो. चढ संपता संपता सगळे मिळून ओरडतात, आणि आरशात मागे धरणाचं पाणी लकाकतं. पूजा घरी होते, पण नमस्कार पोचतो तो तिथं, असं मला वाटत आलंय. कुणाजवळ बोललो नाही कधी. बाकीची गेली तर गेली. हे मिळायला हवं.

शुक्र. ५
धरणकाठच्या तंबूंवर पाहुणे सोडले. तिथं तन्वी म्हणून पुण्याची मुलगी काम बघते. तिला दोन-तीन चाली म्हणून दाखवल्या. ती जी हसत सुटली ती खालीच बसली. "काका, हे इमो आहे! रडकं रॉक! तुम्ही वडापमध्ये इमो लावता?"
मी म्हणालो, मला वाटायचं त्यांच्याकडची भजनं असतील. कुणीतरी निघून गेलंय आणि हे बोलावतायत.
"निघून गेलंय ते बरोबर. पण ती गर्लफ्रेंड."
असो. हाक तीच.

रवि. ७
तन्वीने बहुतेक सगळी शोधली. 'दार आपटणारं', 'टाळ्यांचं', 'आईला फोन' (नावं माझी). टाळ्यांच्या बँडची गोष्ट सांगितली: शाळासोबती, भांडून फुटले, पुष्कळ वर्षांनी पुन्हा उभे राहिले तेव्हा सगळ्यांची पोटं सुटलेली, आणि ऐकणारे आपापली पोरं खांद्यावर घेऊन आलेले. मला फार बरं वाटलं ऐकून.
खिंडीतलं मात्र मिळेना. गुणगुणलं की फोन गाणं ओळखतो म्हणे. गुणगुणलो. फोनने आरती दाखवली.
"काका, तुम्ही टाळ हातात असल्यासारखं गाता!"

बुध. १०
नवा पेनड्राइव्ह लावला. टाळ्यांच्या गाण्याला हौसामावशीने पाटीवर ठेका धरला, मासळी उडायची बाकी. मग खिंड आली आणि भलतंच गाणं लागलं. मी टेप बंद केला. जरा वेळाने मागून मावशीनेच चाल उचलली. सर खालच्या आवाजात. मग बाजारच्या बायका. मग मी. शब्द कुणालाच येत नाहीत, नुसतं आ आणि ओ. पण वर कुठं जायचं, खाली कुठं यायचं, सगळ्यांना पाठ!
सरांनी मोबाइलवर घेतलं. तन्वीला पाठवलं. ती नेटवर टाकून विचारणार आहे, हे गाणं कुणाचं म्हणून.

सोम. १५
एकादशी. तन्वी म्हणते, पार अमेरिकेतल्या माणसांनी ऐकलं, कुणालाच माहीत नाही. एकाने लिहिलंय, आजीचा आवाज भारी. मावशी भडकली. "आजी कुनाला म्हंतो त्यो? फोन लाव त्येला."
उपासाच्या दिवशी हट्ट धरू नये. पण सुटत नाही.

गुरु. १८
अनोळखी नंबर. "नमस्कार, मी समीर, तळेगावातून. नंबर तन्वीकडून घेतला. ते गाणं आमचं आहे."
जीप कडेला घेतली. तेव्हा कॉलेजची चार मुलं, घरच्या रिकाम्या पोल्ट्रीत वाजवायची. अमेरिकेतल्या त्या गाण्यांनी वेडी झालेली. त्यांच्यासारखं एक स्वतःचं केलं. इंग्रजीत, कारण मराठीत रडायची लाज वाटायची म्हणाला. माझी ही जीप तेव्हा त्यांच्या ड्रमवाल्याच्या घरची. पुढे कॉम्प्युटर बिघडला, गाणं गेलं.
"तुमच्याकडे आहे ना ते?"
म्हणालो, पेनड्राइव्ह धुतला गेला.
"म्हणजे गेलंच?"
म्हणालो, पण आमच्या गाडीला पाठ आहे.
हसला की रडला, कळलं नाही. या पोरांचं तसंच असतं.

रवि. २१
समीर आला. चाळिशीचा, चष्मा, कारखान्यात नोकरी. गिटार घेऊन पुढे माझ्याशेजारी बसला. मावशी पाटी न घेता, नवं लुगडं नेसून. सरांना सुट्टी, तरी हजर.
खिंडीच्या चढाला त्याने सुरुवात केली. तीच गिटार! काटा आला. मध्येच अडला. "पुढे कसं होतं हो?"
"आरं, तूच केलंस न्हवं? हितं वर जातंय. ऐक." मावशीने म्हटलं, तो मागून. शिकला बिचारा.
सरांनी शब्द विचारले. त्याला पहिलीच ओळ आठवते. तू येशील म्हणून दार लोटलेलं नाही, अशा अर्थाची. "बाकी विशालला माहीत. त्याचे शब्द, तोच गायचा. भांडलो आम्ही. त्यानंतर बोलणं नाही."
मावशी म्हणाली, "मग लाव की फोन. खिंडीत रेंज असती."
लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मग सगळ्यांनी मिळून पुन्हा म्हटलं, आ आणि ओ आणि ती एक ओळ, आणि ते विशालला पाठवलं. आरशात पाणी होतं. मी हात जोडले, सगळ्यांदेखत. मावशी ओरडली, "स्टेरिंग धर!"

दिवेलागणीला समीरचा फोन. विशालने ऐकलंय. अजून काही आलेलं नाही. समीरच्या फोनवर तो लिहितोय असं दिसतं, मग जातं, मग पुन्हा दिसतं.