बॅटरी शंभर टक्के

३ सप्टेंबर
आईचं हाड जुळलं, वॉकर मिळाला. पण एकटीने उठायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. मागच्या खोलीतली हाक स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, म्हणून ती वाटीवर चमचा बडवते. मेहुणा म्हणाला, वीस फूट वायर, एक बेल, अर्ध्या तासाचं काम. वायरमनच तो, त्याला वायरीपलीकडचं काय दिसणार. मी वायरलेस करणार. रविवारपर्यंत.

४ सप्टेंबर, सकाळी ७.१०
डिझाइन तयार. आईच्या उशाशी बटण. ते दाबलं की पॅसेजमधला बल्ब निरोप पुढे पाठवणार, स्वयंपाकघरातला दिवा लागणार, माझ्या मोबाइलवर टिंग. हुकूम ठरलेले: चालू, बंद, उलट. कंपनी कुठलीही असो, यंत्राला कळतात. वीज इतकी कमी लागते की बटणातला नाण्याएवढा सेल दोन वर्षं पुरतो. घरातल्या माणसांसाठीही असे ठरलेले हुकूम हवेत, असं बायकोला सांगितलं. तिने मला दूध आणायला पाठवलं.

७ सप्टेंबर, रविवार
यश. फक्त आई बटण दोनदा दाबते. मी ‘उलट’ ठेवलाय, त्यामुळे पहिल्यांदा दिवा लागतो, दुसऱ्यांदा विझतो. दोन्ही हुकूम चोख पोचतात. आईला समजावलं. ती म्हणाली, घाई असते तेव्हाच माणूस हाक मारतो.

९ सप्टेंबर
‘उलट’ काढून ‘चालू’ केला. आता बायको जाता-येता पॅसेजचा बल्ब भिंतीवरच्या स्विचने बंद करते. बल्ब बंद, की निरोप तिथेच अडतो. स्विचवर चिकटपट्टी लावली.

१० सप्टेंबर
चिकटपट्टी काढलेली. बायको म्हणते, दिवसाढवळ्या दिवा कशाला. अडाणीपणाला औषध नाही. नवीन चिकटपट्टी, दुहेरी. आई पुन्हा चमच्यावर आली होती. चमचा जप्त केला.

१३ सप्टेंबर, शनिवार
ऑफिसातून आलो तर मेहुणा चहा पीत बसलेला. माझी सिस्टिम बघायला आला असणार, बिचारा. पॅसेजमध्ये भिंतीलगत भुगा पडलाय. वाळवी. कोणाला तरी बोलवायला हवं.

१७ सप्टेंबर
चार दिवस एकही तक्रार नाही. आई म्हणते, सगळं वेळेवर मिळतं. बटणाची बॅटरी शंभर टक्के, एक टक्कासुद्धा उतरलेली नाही. कमी वीज म्हणतात ती ही. मोबाइलवर टिंग येत नाही, पण ती मोबाइलच्या सेटिंगची भानगड, किरकोळ.
ता. क. शेजाऱ्यांनी नवी बेल बसवलेली दिसते. कर्कश. आठ-दहा वेळा वाजते रोज. कोण एवढं येतं त्यांच्याकडे, देव जाणे.

२२ सप्टेंबर, दुपारी ३.२०
रजा. बायको कामावर. मी दार लावून ऑफिससाठी प्रेझेंटेशन करतोय: ‘माझं वायरलेस घर’, वीस स्लाइड. शेजारची बेल पाच मिनिटं एकसारखी वाजतेय. काही जनाची मनाची आहे की नाही लोकांना. जाऊन चांगलं सुनावून येतो.

२२ सप्टेंबर, संध्याकाळी ६
शेजारणीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बेल तुमच्याच घरात वाजतेय.
फ्रिजच्या मागे बेल. तिची वायर पॅसेजच्या कडेने आईच्या खोलीत. आई पलंगावरून घसरून जमिनीवर बसलेली, एक हात वॉकरला, दुसऱ्या हाताचं बोट अजून बेलच्या बटणावर. उचलून पलंगावर बसवलं. डॉक्टर येऊन गेले, हाडाला धक्का नाही. माझं बटण का नाही दाबलं, असं विचारलं. म्हणाली, महागाचं आहे, बिघडू नये म्हणून गोळ्यांच्या डब्यात जपून ठेवलंय. आणि कोणी येईना, तेव्हा तिला वाटलं, मी बाहेर गेलोय.
बायको म्हणाली, विचारलं असतंस तर बेलचं सांगितलं असतं. खूप घाबरलो होतो मी. हे फक्त इथे लिहितो.

२३ सप्टेंबर
रजा वाढवली. खुर्ची आणि लॅपटॉप स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. मेहुण्याच्या कामात सफाई नाही, वायर दोन ठिकाणी लोंबते. डब्यातल्या बटणाची बॅटरी अजून शंभर टक्के. बेल चारदा वाजली: पाणी, उशी, पाणी, पेपर. चारही वेळा उठलो. पाचव्यांदा बायकोने नुसती वाजवून पाहिली. तेव्हाही उठलो.