दादा कोण, ते सरकार ठरवणार

ती. सुन्-रेताईस,

धाकट्या दोक्-सूचा वाकून नमस्कार. (पुरता वाकलो तर उठवायला माणूस बोलवावा लागतो, तेव्हा उरलेला अर्धा मनोमन धरून घे.) देगूचा उकाडा ओसरला का? तुझी कंबर काय म्हणते? मी बरा आहे, म्हणजे शरीरानं.

सरकारनं जून महिन्यात अख्ख्या देशाचं वय कमी केलं, तेव्हा टीव्हीवर माणसं खुशीत हसत होती. माझं मात्र वाटोळं झालं. मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. आपल्या जुन्या मोजणीनं जन्मलो तोच एक वर्षाचा, आणि आई बाळंतपणातून उठायच्या आत नवं वर्ष लागलं, की सगळ्यांबरोबर मीही वाढून झालो दोन वर्षांचा. (दात एकही नव्हता.) शेजारचा पिल्-गु त्यानंतर मार्चमध्ये उगवला, म्हणून माझ्याहून वर्षानं लहान. एवढ्या भांडवलावर मी जन्मभर त्याचा दादा होतो. तो मला दोन्ही हातांनी तांदळाची दारू ओतायचा आणि स्वतः पिताना अदबीनं तोंड बाजूला वळवायचा. बायको गेल्यापासून मला मान देणारं घरात कुणी उरलं नाही, ताई. तेवढा एक 'दादा' होता, त्यावर मी दिवस काढत होतो.

जुलैत विरंगुळा केंद्रात पत्त्यांचा डाव मांडला होता. पिल्-गुनं एका हातानं दारू ओतली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून प्यायला आणि म्हणाला, "दोक्-सू, पत्ते वाट."

"दादा कुठं गेला रे?"

"सरकारनं नेला. आता ज्याचा वाढदिवस त्याचं वय वाढणार. तू एकोणसत्तर, मीही एकोणसत्तर."

मी तडक गावच्या कचेरीत गेलो. तिथल्या पोरीनं हिशेब केला आणि पिल्-गुआजोबांचं बरोबर आहे म्हणाली. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तेवढा मी मोठा. म्हणजे थंडीतल्या मुळ्यासारखा मी हंगामी दादा! वर तिनं मला तरुण झाल्याबद्दल शुभेच्छाही दिल्या. तेव्हापासून मी पिल्-गुशी अबोला धरला आहे आणि एकटाच पत्ते खेळतो. (त्यातही हरतो.)

बाकी क्षेम. पौर्णिमेच्या सणाला नक्की ये.

तुझा,
दोक्-सू

ता. क. येताना सणासमारंभाला घालतेस तो ठेवणीतला हानबोक आण, कारण तुला मागणी घालायला जायचं आहे, माझ्यासाठी. पिल्-गुची थोरली बहीण ओक्-बुन नवरा गेल्यावर ग्वांग्जूहून परत आली, तिळाच्या तेलाचा घाणा चालवते. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मान द्यावाच लागतो, त्यात सरकारचं काही चालत नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा याच डावानं तेल आणायला गेलो. आता घरात बाटल्या ठेवायला जागा नाही, आणि घाण्यावर बसलो की पिल्-गुची आठवणही होत नाही.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकायचं आठवडाभर राहिलं, तेवढ्यात एक घोटाळा झाला आहे. ओक्-बुननं मला तिचं वय अडुसष्ट सांगितलं. सरकारनं एक-दोन वर्षं नेली, बाकीची तिनं स्वतः काढून टाकली. पण त्या हिशेबानं ती पिल्-गुची धाकटी बहीण ठरते, आणि बायकोच्या थोरल्या भावाला दादा म्हणायचं मी! पिल्-गुला हे कळताच थोरल्या बहिणीला धाकटी म्हणायला तो एका पायावर तयार झाला. मी तिला भीत भीत विचारून पाहिलं. ती म्हणाली, "आकडा बदलणार नाही. दादा म्हणायला जड जात असेल तर तेल दुसरीकडून घ्या."

काल मी पिल्-गुला दोन्ही हातांनी ओतली आणि तोंड वळवून प्यायलो. तेवढं कडू लागलं नाही.

तर मुख्य विनंती अशी. तू आणि ओक्-बुन शाळेत एका वर्गात होतात हे सणाला आलीस की विसर. कुणी विचारलंच तर तूही अडुसष्टचीच. मग ओघानंच तू माझी धाकटी बहीण होतेस, तेव्हा चारचौघांत मला दादा म्हण. कुणीतरी म्हणायला हवं ना.