तिसऱ्या कडव्यातली उडी

४ मार्च
आज परत उडी! तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ – आणि सीडी थेट चौथ्या कडव्यात. आमची ही जाऊन चार वर्षं झाली. तिच्या आवाजातली एवढी एकच कविता घरात आहे. शाळेच्या पुस्तकातली, नदीची. लेकीने तिला बैठकीत बसवून रेकॉर्ड करून घेतली होती. एका दमात म्हणाली, कुठे अडखळली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे सांगतो.
सीडीला ओरखडा आहे, पण दोष यंत्राचा. नवं घ्यायचं. ठरलं.

७ मार्च
दुकानदार भला माणूस. म्हणाला, काका, तुम्हाला अख्खा प्लेअर नको, नुसता ट्रान्सपोर्ट घ्या. तो फक्त सीडी वाचतो. वाचलेल्याचा आवाज करणारा डबा तुमच्याकडे आहेच. म्हणजे आमच्या शाळेतल्या वर्गासारखं – एकाने वाचायचं, दुसऱ्याने चालीवर म्हणायचं. मी चालीवर म्हणणाऱ्यांतला. हे त्याला सविस्तर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.
चौथ्या कडव्यात तिचा आवाज जरा उतरतो, तोही सुधारेल का, विचारलं. ते म्हणे यंत्राच्या हातात नाही.

८ मार्च
लेकीचा फोन. "कशाला बाबा? आहे ते चाललंय की." म्हटलं, छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली. गाळलेली ओळ कधी सोडली नाही, ती आता घरात चालवून घेऊ? "तुमच्यापुढे कोण बोलणार," म्हणाली.

१२ मार्च
दोन ट्रान्सपोर्ट पाहिले. एक वरून झाकणाचा, फार देखणा. दुसरा नुसती लोखंडी पेटी. दुकानदाराने स्वतःची ओरखड्यांनी भरलेली सीडी लावली. (हिची नेली नव्हती. चारचौघांत कशाला!) देखणा तीनदा अडकला. पेटी शेवटपर्यंत गेली. पेटी घेतली.

१३ मार्च
जुनं यंत्र माळ्यावर टाकलं, नवा जोडला. तिसरं कडवं पूर्ण वाजलं.
दुसऱ्या ओळीनंतर ती भलतीच ओळ म्हणते. मग एक पुरुषी आवाज, खणखणीत – "चुकलं! इतकी वर्षं ऐकतेस, तरी चुकतेस?" माझा.
मला यातलं काही आठवत नाही.
मग ती गप्प. नऊ सेकंद. यंत्र फार चांगलं आहे. गप्प बसणंही स्पष्ट ऐकू येतं. मग उरलेल्या ओळी, बरोबर. मग चौथं कडवं. आवाज उतरलेला.

१४ मार्च
जुनं यंत्र माळ्यावरून काढलं. पुसलं.

१६ मार्च
लेकीचा फोन. "तिसरं कडवं लागलं का?" म्हटलं, नाही गं, तिथेच उडी मारतं. जुनंच परत जोडलंय.
ती गप्प. किती सेकंद, मोजले नाहीत.
मग म्हणाली, "बरं झालं, बाबा."