वन्सं पुढे गेल्या

रविवार, ११ तारीख

दूध गॅसवर ठेवलं होतं, पडदे बादलीत भिजत होते, आणि पिठाचा डबा पालथा घालून मी त्याच्या बुडावर थापा मारत होते, तेवढ्यात वन्सं दार ढकलून आत आल्या. हातात बुटांचे दोन जोड. एक तुझा, म्हणाल्या. मी म्हटलं, माझे पाय जन्मभर चपलेतले, बुटात कोंडले तर रागावतील. तर म्हणतात, रागावू देत वहिनी, दादा गेल्यापासून दोन वर्षं तू कुणावर रागावली नाहीस, निदान पाय तरी रागावतील. त्या हसायला लागल्या, मी हसायला लागले, आणि दूध उतू गेलं.

ते आज आठवलं, कारण आज आम्ही खरोखरच जुन्या तटाशी येऊन पोचलो. ह्यांच्याकडे एकदा या तटाचं पुस्तक बांधणीला आलं होतं. पुस्तकं बांधणाऱ्याच्या बायकोचं वाचन म्हणजे सुट्ट्या फर्म्यांचं, न शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचं. शेवट आधी हाती यायचा, सुरुवात चार दिवसांनी. पण ते पुस्तक ह्यांनी मला सरळ वाचून दाखवलं होतं. म्हणाले होते, एकदा जाऊ.

तट डोंगराच्या कण्यावरून जातो. वर चालायची वाट एका माणसापुरती. दिवसभर चाललं की एक बुरूज येतो. तिथे खाटा, चूल आणि राखणदार असतो. पहिल्या बुरुजाचा राखणदार बोलका आहे. तो म्हणाला, आमचा नियम एकच. तटावरून आत आलात की मागे आपलं माणूस आहे का बघायचं, नसेल तर अडसर लावायचा. नाहीतर पडझडीवरून शेळ्या चढतात आणि खाटांवर झोपतात. वन्संनी विचारलं, घोरतात का? तो म्हणाला, तुमच्यापेक्षा कमीच घोरत असतील. वन्संना तो फार आवडला.

सोमवार, १२

पहिला दिवस चालले! दुपारी तटावर बसून भाकरी खाल्ली, दोन्ही बाजूंना दरी, आणि खाली मेंढरं सांडल्यासारखी. मला चालता येतं हे मला या वयात कळलं.

वन्सं मागे पडतात. गुडघे भरतात त्यांचे. तू हो पुढे, मी आलेच, म्हणतात, आणि गाठलं की पुन्हा दादाच्या गोष्टी सुरू. दादा लहानपणी कसा, दादा शाळेत कसा. हसतात तेव्हा अगदी ह्यांच्यासारखं, आधी नाकातून, मग तोंडानं. मला ते ऐकवत नाही. हे त्यांना सांगायचं कसं? त्यांचाही तो भाऊच.

संध्याकाळी दुसऱ्या बुरुजावर बूट काढताना लक्षात आलं की आज दिवसभरात मला ह्यांची एकदाही आपणहून आठवण झाली नाही. मग फार वाईट वाटलं. आधी का नाही वाटलं, म्हणूनही वाटलं.

मंगळवार, १३

जसं झालं तसं लिहिते आहे.

दुपारपासून धुकं होतं. वन्संनी बुटाची नाडी बांधायला बसताना सांगितलं, तू हो पुढे. मी झाले. खरं सांगायचं तर घाईनं झाले. तिसऱ्या बुरुजाला पोचले, राखणदार सरपण आणायला खाली गेला होता. आत ऊब होती. तटाकडचं दार वाऱ्यानं आपटत होतं, ते लोटलं आणि अडसर लावला. दोन वर्षं एकटी राहते मी, दार लोटलं की हात आपोआप कडीकडे जातो. हे खरं आहे. पण वन्सं मागे आहेत हे मला ठाऊक होतं, हेही खरं आहे.

चहा ठेवला. चहाला उकळी येत होती तेव्हा दार वाजलं.

ऐकू आलं मला. मनात आलं, आता पुन्हा दादाच्या गोष्टी. आणखी थोडा वेळ शांत बसावं. चहा गाळला. बसून प्यायले. दार वाजत होतं, मग जोरात वाजलं, मग थांबलं. कप विसळून ठेवला आणि अडसर काढला.

बाहेर कुणी नव्हतं.

हाका मारल्या. राखणदार आला, कंदील घेऊन तटावर बरंच मागेपर्यंत जाऊन आला. त्यानं विचारलं, दार उघडं होतं ना? मी हो म्हटलं.

तो खाली माणसं बोलवायला निघणार, तेवढ्यात चौथ्या बुरुजावरून फोन आला. तिथली राखणदारीण विचारत होती, एक बाई येऊन गेल्या, मागून वहिनी येते म्हणाल्या, त्या वहिनी कुठे आहेत?  राखणदार हसला. म्हणाला, पडझडीवरून उतरल्या असतील, खाली रस्त्यावर कुणाची गाडी मिळाली असेल, तुम्ही उगाच घाबरलात. त्यानं माणसं बोलावली नाहीत. मीही म्हटलं नाही की बोलवा.

रागावल्या असतील माझ्यावर. रागावू देत. जिवंत आहेत.

बुधवार, १४

चौथा बुरूज. राखणदारीण म्हातारी आहे, मला बघताच म्हणाली, आलात का वहिनी. वन्सं तिच्याकडे बसल्याच नाहीत म्हणे. नखशिखांत भिजलेल्या होत्या. पाऊस तर पडला नाही इकडे. तिनं टॉवेल दिला तो घेतला नाही. एवढंच बोलल्या, वहिनीला खालची खाट द्या, तिचे पाय दुखतात.

मी त्या खाटेवर बसून रडले. वन्सं अशाच आहेत. रागावल्या तरी माझीच सोय बघायच्या.

घरून भाच्याचा, म्हणजे वन्संच्या मुलाचा, फोन आला. मामी, आई फोन उचलत नाही. मी म्हटलं, रुसल्या आहेत माझ्यावर, पुढे पुढे पळताहेत. तो म्हणाला, आई? आणि पळते? खूप हसला. मग म्हणाला, तुम्ही आहात ना बरोबर, मग मला काळजी नाही.

गुरुवार, १५

पाचवा बुरूज. दिवसभर भराभर चालले. धुकं होतं. दोनदा पुढे वन्संची लाल टोपी दिसली. हाक मारली. थांबली नाही, पण लांबही गेली नाही.

इथला राखणदार पूर्वी शाळेत शिपाई होता, जपून बोलतो. म्हणाला, तुमच्या नणंदबाई काल आल्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. एका पायात बूट नव्हता. हातांची बोटं सोललेली, पेरांवरचं कातडं गेलेलं. त्यानं औषध काढलं तर नको म्हणाल्या. त्यानं विचारलं, बरोबर कुणी नाही का? तर म्हणाल्या, वहिनी आहे की. तिला घाई करू नका. ती चहा घेत असेल.

चहाचं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्यानं चहा पुढे ठेवला. मला घेववला नाही. तो म्हणाला, गोड कमी आहे का?

शुक्रवार, १६

सहावा बुरूज. राखणदार माझ्याकडे बघत नाही. कुणी आलं होतं का विचारलं. चुलीतली लाकडं सारत राहिला. मग म्हणाला, दार वाजलं होतं. फटीतून पाहिलं. उघडलं नाही. लेकरंबाळं आहेत मला.

काय पाहिलं, विचारलं. म्हणाला, तुमचं कोण लागायचं ते?

लागतं नाही, लागायचं म्हणाला —

दुपारी भाच्याचा फोन. आई सापडली. तिसऱ्या बुरुजाच्या दाराखाली, तटाच्या पायथ्याशी, झुडपात. गुराख्याला दिसली. डॉक्टर म्हणाले, मंगळवारीच गेली. कठड्यावरून पाय घसरला असणार, कदाचित खिडकीतून डोकवायला गेली. मंगळवारी पाऊस होता का, विचारत होता. खाली ओढा आहे. अर्धी पाण्यात होती.

मंगळवारीच.

मग मी कुणाच्या मागे —

भाचा मला न्यायला येतो आहे.

शनिवार, १७

भाचा आला. डोळे सुजलेले. आल्या आल्या माझ्या पायांना हात लावला, म्हणाला, मामी, पाय बघा काय करून घेतलेत. आईनंच बूट आणले ना, लहानच आणणार ती. आणि नाकातून हसला, मग तोंडानं. मग रडायला लागला.

मला म्हणाला, स्वतःला दोष देऊ नका. आईचे गुडघे मला माहीत नाहीत का?

मग विचारलं. तिनं दार वाजवलं होतं का, मामी?

नाही म्हटलं.

तेव्हाच वाजलं. तटाकडचं दार. हळू. भाचा बोलतच होता, त्याला नाही ऐकू आलं. राखणदाराला आलं. उठून आतल्या खोलीत गेला, आतून कडी लावली.

मी अडसराकडे बघत बसले. भाच्यानं चहा हातात दिला. प्यायले. ते वाजतच होतं. मी प्यायले —

पुन्हा प्यायले मी.

रविवार, १८

आज सकाळी भाच्याला सांगितलं. सगळं. ऐकू आल्याचं, गाळल्याचं, बसून प्यायल्याचं, काल खोटं बोलल्याचं.  तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग विचारलं, किती वेळ वाजवत होती ती? मी सांगितलं, पुष्कळ. तो उठला आणि गाडी काढायला खाली गेला. मला या म्हणाला नाही. येऊ नका असंही नाही.

दार पुन्हा वाजायला लागलं होतं. काल वाजलं तसंच. धीरानं.

मी अडसर काढला आणि बाहेर आले.

तटावर बसून लिहिते आहे. धुकं आहे. खालून भाचा हाका मारतो आहे, मामी, मामी. चांगला मुलगा आहे. वन्सं पुढे कठड्याशी उभ्या आहेत, पाठमोऱ्या, एका पायात बूट. मी म्हटलं, वन्सं, चुकले मी. एवढं लिहिते आणि येते.

थांबल्या आहेत. पहिल्यांदाच थांबल्या.

हसताहेत वाटतं. आधी नाकातून —

आता वळताहेत. वन्सं, तुमचं तोंड