खंडेनवमीचा नारळ

आबा, आज खंडेनवमी होती आणि तुमच्याच कारखान्यातून मी नारळ न फोडता परत आलो.

सांगलीच्या ज्या शेडमध्ये तुम्ही जन्मभर एका लेथवर उभे राहिलात, तिथंच मी, तुमचा मुलगा, आता सुपरवायझर आहे. नवमीला तुम्ही नारळ घरून न्यायचात, कंपनीचा तुम्हाला चालायचा नाही. आधी लेथ रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, मग हळदकुंकू, मग झेंडूचा हार. मी नवा अप्रेंटिस असताना एकदा मशीनवर लोखंडाचा कीस तसाच टाकून निघालो होतो. तुम्ही मला गेटवरून परत फिरवलंत. "मशीन पुसल्याबिगर घर गाठायचं न्हाई. उद्या सकाळी त्याला तूच तोंड दाखवणार हायस." चारचौघांत बोललात म्हणून मला फार राग आला होता.

आता ते तोंड दाखवायची वेळच कुणावर येत नाही. दर दोन तासांनी माणसं मशीन बदलतात. सगळ्यांना सगळं चालवता यावं, कुणावाचून काम अडू नये, असं वरून ठरलंय. पुढचा पुसेल म्हणून आधीचा निघून जातो, आणि पुढच्यालाही तसंच वाटतं. मी ओरडतो, पण नेमकं कुणावर ओरडायचं हे मलाच कळत नाही. आष्ट्याहून येणारी एक मुलगी आहे, कामाला फार चांगली. गेल्या महिन्यात म्हणाली, "सर, मला ह्ये एकच मशीन द्या की. आवाज बदलला तर मला कळंल तरी." मी वर जाऊन दोनदा बोललो. दोन्ही वेळा चहा मिळाला.

आज ठेकेदाराच्या माणसांनी सगळ्या मशीनना सारखे हार घातले होते. मी त्या आष्ट्याच्या मुलीच्या हातात कुंकवाची वाटी दिली. ती म्हणाली, "कुठल्याला लावू, सर? सगळीच माझी म्हंजे येकबी न्हाई." मग हळूच म्हणाली, "दिवाळीनंतर मी न्हाई यायची." आबा, तिला थांबवायला माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. वाटी मीच परत घेतली.

सकाळी वाटेत विकत घेतलेला नारळ घेऊन मी शेडभर फिरलो. माझं म्हणावं असं मशीन मलाही सापडलं नाही. तो डब्याच्या पिशवीतून घरी आला. बायकोला सांगितलं, कंपनीनं दिला. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर तुम्हालाही मी नारळ फोडला असंच कळवलं असतं.