अकरा नंबरचं सॅम्पल

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! अकरा नंबरची रेषा पुन्हा वर गेली. निरोगी माणसांची वीस सॅम्पलं. त्यातली एकोणीस कशी गुमान तळाला पडून आहेत, आणि हा एक पठ्ठ्या पेशंटच्या रांगेत जाऊन उभा!

ताई म्हणाली, "तूच कुठेतरी सांडलं असशील." ताई म्हणजे आमची टेक्निशियन. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, त्यामुळे काहीही बोलते. पण असेलही. पेशंटच्या रक्ताचा अंश चुकून निरोग्याच्या नळीत गेला की असंच होतं. उद्या सगळं नव्याने. नळ्या नव्या, हातमोजे नवे, टेबल स्पिरिटने पुसून.

मंगळवार, ४ मार्च

तीच रेषा. ढिम्म!

बुधवार, ५ मार्च

सरांना दाखवलं. ग्राफ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "अकरा काढून टाक. सॅम्पल खराब आहे."

बस! पंचवीस वर्षं रक्ताच्या कॅन्सरवर काम केलेला माणूस, आणि उत्तर काय — काढून टाक! म्हटलं, सर, तीनदा केलंय. "मग चौथ्यांदा करू नकोस. पेपर वीस तारखेला जायचाय. विसाच्या जागी एकोणीस झाले तर कुणाचं काय बिघडलं?"

मी मान डोलावली. त्यांच्यासमोर माझी दातखीळ बसते, नेहमीचंच. बाहेर येऊन मग दाराला मनसोक्त शिव्या घातल्या.

शुक्रवार, ७ मार्च

नाही काढलं! उलट फ्रीझरमधून अकरा नंबरची दुसरी नळी शोधून काढली. प्रत्येकाने दोनदा रक्त दिलं होतं, सप्टेंबरात आणि फेब्रुवारीत. आतापर्यंत मी फेब्रुवारीचीच नळी तपासत होते. सांडलं असेल तर एका नळीत सांडेल, दोन्हींत कसं सांडेल?

सप्टेंबरच्या नळीतही तोच बिघाड. दोन गुणसूत्रांचे तुकडे निघून भलत्याच जागी जुळतात तो. त्याच्याच मागे आम्ही सगळे हात धुऊन लागलोय. सप्टेंबरात थोडा होता. फेब्रुवारीत त्याच्या बारापट.

म्हणजे सॅम्पल खराब नाही. माणूस आजारी आहे. आणि त्याला पत्ताच नाही!

आणि तो इथलाच आहे. निरोगी माणसं आणायची कुठून, म्हणून आम्हीच आमचं रक्त दिलेलं. सर, मी, ताई, लायब्ररीतल्या बाई, गेटवरचा वॉचमन, जिन्यात जो सापडला तो. ताईने रांगेत बसवून सगळ्यांना टोचलं. नावं पुसून नंबर घातले. नावांची यादी नैतिक समितीच्या कपाटात, कुलपात. ज्याच्या त्याच्या हातात एक बंद पाकीट, आत आपापल्या नंबरची चिठ्ठी.

माझी चिठ्ठी कुठे आहे?

शनिवार, ८ मार्च

पर्स उलटी केली. कपाट, जुना कोट, तीन फायली — नाही. हा दारात उभा राहून बघत होता. "काय हरवलं?" म्हटलं, विजेचं बिल. लग्नाला चार वर्षं झाली, इतकं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलले.

डाव्या मांडीवर काळंनिळं झालंय. टेबलाचा कोपरा लागला होता ना? लागला होता. लागलाच होता! मग परवा जिना चढताना धाप का लागली? मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही खोटं नाही.

रविवार, ९ मार्च

आईचा फोन. "आवाज असा काय येतोय तुझा?" म्हटलं, सर्दी. आता सवयच लागली खोटं बोलायची.

सोमवार, १० मार्च

सरांना न विचारता समितीच्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, बाई, हा कॅन्सर असा आहे की लवकर कळला तर रोज एक गोळी घ्यायची आणि सुखाने म्हातारं व्हायचं. उशीर झाला की मग तो कशालाच जुमानत नाही. यादी उघडा!

बाईंनी कपाट उघडलं, अकरा नंबरचा संमतीचा अर्ज मला दिसणार नाही असा धरून वाचला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "यांनी 'काही आढळल्यास मला कळवू नये' यावर खूण केली आहे. माझे हात बांधलेले आहेत." आणि कुलूप लावलं.

ती चौकट! ती सरांनीच हट्टाने अर्जात घालायला लावली होती. "माणसाला न कळण्याचाही हक्क असतो," म्हणाले होते. मी आणि ताई मागे बसून फिदीफिदी हसलो होतो. मी कुठे खूण केली होती? आठवत नाही. चहा गार होतोय म्हणून न वाचताच सही ठोकली होती.

मंगळवार, ११ मार्च

ताईला सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी चिठ्ठी मी कचऱ्यात टाकली गं." मग हळूच म्हणाली, "पुरुष आहे की बाई, एवढं तरी मशीनवर बघूया? कोण विचारतंय?"

हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू! पण नको म्हटलं. अर्धंच कुलूप फोडलं तरी चोरी ती चोरीच.

"मग आपलं आपलं तर बघू! आपल्या रक्ताला कुणाची परवानगी लागते?" तिने माझं रक्त काढलं, मी तिचं. मी तिची शीर दोनदा चुकवली. "संशोधन कर बाई तू, सुईला हात लावू नकोस!"

बुधवार, १२ मार्च

दोन्ही रेषा तळाला! ताई रडली आणि मी हसत सुटले. मग ती हसायला लागली आणि मला रडू फुटलं.

संध्याकाळी जिना उतरताना मात्र लाज वाटली. मी सुटले म्हणजे दुसरं कुणीतरी अडकलंय. वॉचमनने हसून हात केला, मला त्याच्याकडे बघवेना. घरी आल्यावर याला सगळं सांगितलं. "विजेचं बिल होय!" म्हणाला, आणि कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही.

गुरुवार, १३ मार्च

सरांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

समितीच्या बाईंकडून त्यांच्या कानावर गेलंच होतं. "मला न विचारता गेलीस." म्हटलं, हो. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, "दोन नळ्यांत फरक किती?"

"बारापट."

"बारा," म्हणाले. थोड्या वेळाने परत, "बारा." मग म्हणाले, "कळवू नका असं लिहिलंय ना त्या माणसाने? मग विषय संपला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, रोज एक गोळी! एका गोळीला घाबरून बसलंय कुणीतरी. कसली ही भित्री भागूबाई! घरच्यांनी काय करायचं मग, नुसतं बघत बसायचं? आणि तुम्ही पाठीशी घालताय — एका पेपरसाठी!"

वाटलं, आता उखडणार. नाही उखडले. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "गोळी एवढीशीच असते. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण इतकी वर्षं हेच बघितलं की…" वाक्य तसंच सोडून खिडकीचा पडदा ओढला. "जाताना दार लावून घे."

अकरा गाळणार असाल तर पेपरवर माझं नाव नको, एवढं बोलले आणि दार लावलं. जरा जोरातच लावलं. नोकरी गेली बहुतेक. जाऊ दे!

शुक्रवार, १४ मार्च

सर आले नाहीत. ताई म्हणते, रुसले असतील. तापातसुद्धा येणारा माणूस!

सोमवार, १७ मार्च

सकाळी टेबलावर पाकीट होतं. वाटलं, आला नारळ हातात. ताईला बोलावून तिच्यासमोर उघडलं.

आत समितीची चिठ्ठी. चोळामोळा करून परत सरळ केलेली. ११. मागे सरांचं अक्षर —

"शुक्रवारी बायकोला सांगितलं. आज दहाला डॉक्टरकडे जातोय. अकरा ग्राफमध्ये परत घे, पेपर थांबला तरी चालेल. — भागूबाई."