पाच कोरुनांची बाई

६ ऑक्टोबर १९६१

पोहोचले. गाडीत खिडकीची जागा मिळाली, शेजारच्या बाईने सफरचंद दिलं, आणि स्तारे हामरेला उतरले तेव्हा इतकं छान ऊन होतं की बॅग हातात घेऊन चढ चालतच आले. हेडविगामावशी फाटकात उभ्या होत्या. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. म्हणाल्या, अकरा वर्षं नवऱ्याला एकट्याला पाठवलंस, स्वतः यायला त्याने मरायची वाट बघितलीस होय गं? मी हसले. फेब्रुवारीत तो गेला, त्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन. रात्री कोबीचं सूप आणि खसखस घातलेल्या शेवया. खोली गेझाचीच दिली आहे. खिडकीतून आलुबुखारची झाडं दिसतात.

कशाला आले ते लिहून ठेवते. गेझा, माझा नवरा, शाळेत चित्रकला शिकवायचा. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत तीन आठवडे इथे यायचा, एका नाण्यासाठी. युद्धानंतर इथल्या टाकसाळीत पाच कोरुनांचं नाणं पाडलं होतं, त्यावर एका बाईचा चेहरा. ते लोकांच्या हातात पडायच्या आधीच वरून हुकूम आला आणि सगळी नाणी वितळवली. मागे तीनच गोष्टी उरल्या: पेन्सिलचं एक चित्र, शिशाचा एक ठसा, आणि या घरातला प्लास्टरचा साचा. साचा कोरणारा म्हणजे मावशींचा भाऊ. तोही आता नाही. या नाण्यावर गेझा लिहीत होता ती वही अर्धी राहिली. मी पाचवी शिकलेली, पण आमच्या वाचनालयातलं एकही कपाट सोडलेलं नाही. वही मी पुरी करणार.

९ ऑक्टोबर

संग्रहालयात जाऊन आले. चित्रात वेणी आहे, मान आहे, चेहऱ्याची जागा कोरी. शिशाचा ठसा हाताळून हाताळून झिजलाय, नाक कुठे नि डोळे कुठे कळत नाही. दोन्हींची मापं घेतली, वहीत लिहिली. अक्षर गेझाच्या अक्षराशेजारी फार वाईट दिसतं.

तिथले मोरित्सकाका टाकसाळीत चाळीस वर्षं होते. त्यांना विचारलं, गेझा तुमच्याशी काय बोलायचा? काका मिशीत हसले. म्हणाले, वहिनी, राग मानू नका, पण नाण्याची चौकशी करणारे मी पुष्कळ पाहिले. हा गडी सोयरीक जमवायला आल्यासारखा विचारायचा. हसायची कशी असेल, मान कुठल्या बाजूला कलायची असेल! मी पण हसले. येताना चढावर दम लागला.

१२ ऑक्टोबर

आज साचा पाहिला. मागच्या कामाच्या खोलीत, खिडकीपाशी, ताटाएवढा; नाण्यासाठी तो नंतर यंत्रावर लहान करतात. चेहरा आत खोल गेलेला आहे, पण जरा लांबून पाहिलं की तो वर आल्यासारखा दिसतो, आणि आपण सरकलो की तोही वळतो. मावशी म्हणाल्या, साच्याचा हा खेळच आहे, घाबरायचं नाही.

इथे साच्याची परीक्षा पावाच्या कणकेने करतात. मावशींनी कणीक दाबून उचलली आणि ती बाई बाहेर आली. पंचवीस वर्षांची असेल. सुंदर आहे. आणखी काय लिहू.

मग त्यांनी रीत सांगितली. ठसा उठवलेली कणीक भाजायची, आणि ज्याने दाबली त्याने त्याच दिवशी खायची, घरात तोंडं पडून राहू द्यायची नाहीत. गेझा रोज सकाळी खायचा, लोणी लावून. आज मलाही दाबायला लावली. माझ्याच्याने खाववली नाही. मावशींची पाठ वळल्यावर कोंबड्यांना घातली. कोंबड्या तिला शिवल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर

रविवार. सगळे चर्चला गेले, मी वही घेऊन बसले. त्याने नाण्याबद्दल कमी आणि तिच्याबद्दल जास्त लिहिलंय. ‘आज तिचा डावा गाल जमला.’ ‘ओठ अजून रुसलेले.’ ‘आज ती माझ्याकडे बघून हसली, दिवस सोन्याचा.’ एकतीस वर्षांच्या संसारात मला त्याने जी पत्रं पाठवली त्यांत कोळसा, भाडं आणि आईचं औषध.

मी कामाच्या खोलीत गेले आणि भाजी चिरायच्या सुरीने तिच्या ओठांवर दोन खोल घाव घातले. मग कणीक दाबली. तोंड फाटलेलं बघायचं होतं मला. ओठ आणखी भरदार होऊन वर आले.

चर्चहून आलेल्या मावशींनी पाहिलं. रागावतील वाटलं, पण त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, अगं वेडे, साच्यात कापलंस की ठशात वाढतं! पुसायचं असेल तर भरावं लागतं. टाकसाळीतली शेंबडी पोरंसुद्धा हे सांगतील.

१६ ऑक्टोबर

सकाळी ओठ सुजलेले. दोन्ही. गांधीलमाशी चावली असेल, आलुबुखारवर फार असतात. पण दुखत नाहीत. आरशात बराच वेळ बघत होते. वाईट दिसत नाहीत.

१८ ऑक्टोबर

दुपारी मावशी बाजारात गेल्या होत्या. फडताळात प्लास्टरचं पोतं आहे. वाडग्यात कालवलं आणि तिच्या तोंडात भरलं, बोटाने सारखं केलं. दहा मिनिटांत धरलं. किती दिवसांनी हलकं वाटलं. आता हस म्हणावं.

१९ ऑक्टोबर

तोंड उघडत नाही.

सुजलेलं नाही. ओठच नाहीत. हनुवटीपासून नाकापर्यंत नुसती कातडी आहे, गुळगुळीत, गार. बोट फिरवलं तर आत दात लागतात.

मावशींच्या हातून दूध सांडलं. छातीवर क्रूस काढत राहिल्या. डॉक्टर शनिवारी येतो. शनिवार परवा आहे. मी नाकाने श्वास घेते आहे. सर्दी झाली तर—

मी पाटीवर लिहून विचारलं, ती कोण आहे?

मावशी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, हुकूम आला तेव्हा चेहरा पुसायलाही सांगितलं होतं. भावाने साचा प्लास्टरने भरून सपाट केला. त्यानंतर मेला तोवर तोंडातून शब्द नाही. आम्हाला वाटलं, दुःखाने.

तुझ्या नवऱ्याने तो भराव खरवडला. जुनी बाई मिळेना. दुसऱ्या वर्षी म्हणाला, मावशी, ती गेली, मी आता मला माहीत असलेली कोरतो. लग्नाच्या वर्षी नाचाला आली होती तशी. अकरा वर्षं तुलाच कोरत होता गं. तुला कळलं कसं नाही?

कसं कळणार. त्या वयाचा माझा एकही फोटो नाही.

२० ऑक्टोबर, सकाळ

दोन दिवस पोटात काही नाही. मावशींनी गेझाची कोरणी आणून दिली. म्हणाल्या, बाई गं, हळूहळू प्लास्टर काढ, तोंड मोकळं होईल, मी तुझा हात धरते. फार रडतात. त्यांना अंगणात जायला सांगितलं, लिहून.

साच्यासमोर बसले आहे. ऊन तिच्यावर तिरपं पडलंय. तोंड नाही तरी—

भीती वाटते. पण खरं ते लिहिते. ती मी नाही. तीस वर्षं ताटं वाढली, त्याच्या आईची घाण काढली, ती मी. तो जेवताना पेपर वाचायचा. मान वर केली नाही. आणि इथे येऊन तीन तीन आठवडे हिच्याकडे—

मोकळं केलं तर हिचे ओठ परत येतील. त्याने घडवलेले. माझ्या तोंडावर तेच येतील. आरशात रोज तीच—

नाही.

२० ऑक्टोबर

कोरणी खिडकीतून टाकली. वाडग्यात कालवलं. मावशी दार वाजवताहेत. ओटिलिया, ओटिलिया. आवाज दुरून येतो. तिचे कान मघाशी भरले.

डावा डोळा भरला. आधी गार. मग काहीच—

रेघ सरळ येत नाही.

धरतंय.

नाक अजून भरलं नाही. ते शेवटी. उजवा उरला. वाडग्यात आहे अजून. तिचाही एकच आता, वळून वळून माझ्याकडेच. गेझा बघायचा तशी मी बघते आहे, आणि अजूनही ती माझ्यापेक्षा—